जावई बघायची दुर्बीण

पोहे घेऊन कुणासमोर बसणार नाही, असं ओवीनं जाहीर केलं. तेव्हा दोन्ही घरांनी आपापल्या होडीतून उजनीचे फ्लेमिंगो बघायला निघायचं आणि पाण्यातच भेटायचं ठरलं. मुलगा आधी लांबून पाहावा, नाही पटला तर होडी वळवावी, या हिशेबानं ओवीच्या आईनं, इंदिराबाईंनी, नवऱ्याला बारामतीत दुर्बीण आणायला पिटाळलं.

"होडीत धा पटीची नको, दत्तोपंत. हात हलला की पक्षी गायब," दुकानदार म्हणाला. "ही सात पटीची न्या. स्वस्त बी हाय."

"पक्षी नाही हो, जावई बघायचाय."

"मग तर सातच बास. जावई लई जवळनं बघू नये."

रविवारी समोरून मुलाकडची होडी दिसली. इंदिराबाईंनी दुर्बीण लावली आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"सख्ख्या आईशी झोंबतोय. असला उद्धट नको मला."

"मग वळवू व्हय, मावशी?" नावाड्यानं विचारलं.

ओवीनं दुर्बीण घेतली. बराच वेळ बघत राहिली.

"वळवू नका. मला पसंत आहे."

"एवढं काय दिसलं तुला?" इंदिराबाईंनी विचारलं.

 

"आईच्या हातातली दुर्बीण काढून घेतोय तो."