ओल्या वाळूतली चौथी पावलं

सलग तिसऱ्या पहाटे त्याने आईला थाप मारली, “आज भरती आहे, उद्या नेतो तुला.” आई डावा पाय ओढत चालायची, तिच्यापायी सगळ्यांचाच खोळंबा झाला असता. खोलीला बाहेरून कुलूप लावून तो बायको-मुलीबरोबर किनाऱ्यावर धावायला गेला.

परतताना मुलगी थबकली. “बाबा, आपण तिघंच आलो ना?”

वाळूत त्याच्या पावलांना लागून आणखी एक जोडी उमटली होती. उजवं पाऊल स्पष्ट, डावं फरफटलेलं.

शरमेने त्याला बायकोकडे बघवेना. तो खोलीकडे पळत सुटला.

कुलूप जसंच्या तसं होतं. आई झोपलेली, तळवे कोरडे ठणठणीत. त्याने पांघरूण सारखं केलं, तशी ती डोळे मिटूनच म्हणाली, “उद्या जरा हळू धाव रे बाळा. दम लागतो.”