उलटा बाण

अँप्लिफायरची खरखर काढायला आलेल्या मेकॅनिकने मागची वायर हातात घेतली आणि हसला. "काकू, वायरीवरचा हा बाण उलटा लागलाय. प्लेअरकडून अँप्लिफायरकडे हवा."

"फरक पडतो का रे?"

"खरं सांगू? माझ्या कानांना तरी काडीचा नाही."

"यांना पडायचा. धूळ पुसताना माझ्याकडून वायर उलटी लागली, की आतल्या खोलीतून ओरडायचे, 'वायरीला कुणी हात लावला?' घरात माणसं दोन, आणि विचारायचे 'कुणी'!"

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"मी कसली कबूल करतेय!"

हसत हसत त्याने खरखर काढली, वायर सरळ लावून दिली आणि तो गेला. काकूंनी दार लावलं, अँप्लिफायर पुढे ओढला आणि बाण पुन्हा उलटा करून ठेवला. गाणं लावलं, आवाज वाढवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी परत धुवायला घेतली.

गाणं संपलं, तरी आतल्या खोलीतून हूं नाही की चूं नाही.

"मी नाही हं हात लावला!" काकूंनी ओट्याजवळूनच सांगून टाकलं.