वरून दिसलेला मुलूख

अकरावी फासळी केवळरामच्या हातात मोडली.

"आणा इकडं," त्याची बायको देवकाबाई म्हणाली. तिनं दोन्ही तुकडे घेतले, टोकांना सरस लावला आणि चिमटीत धरून बसली. विड्या वळणारी बोटं तिची. लाकूड पुन्हा एक झालं तेव्हा मोडल्याची जागाही सापडेना.

विमान जेमतेम दोन वितींचं व्हायचं होतं. शाळेचे हेडमास्तर यादोराव यांनी त्याचा खोका कलकत्त्याहून पार्सलनं मागवला होता. आत कापसासारखं हलकं विलायती लाकूड, त्यावर छापलेले आकार, पातळ कागद आणि जोडणीचा एक मोठा नकाशा. ब्लेडनं एकेक फासळी कापायची, नकाशावर टाचण्यांनी उभी करायची, सरसानं जोडायची. गोंदियात हे काम केवळरामशिवाय कोणाला द्यायचं? तो घड्याळं दुरुस्त करायचा. लढाईच्या काळात दोन वर्षं बिरसीच्या विमानतळावर फिटर होता. आणि मुख्य म्हणजे, अशाच एका लहान विमानातून गोऱ्या साहेबाबरोबर तो उडून आला होता. लढाई संपून नऊ वर्षं झाली, तरी बाजारात लोक त्याला थांबवून ती गोष्ट ऐकत.

शनिवारी हे विमान शाळेत टांगायचं होतं. त्याखाली उभं राहून केवळरामनं मुलांना वरून जमीन कशी दिसते ते सांगायचं होतं.

"पुस्तकातलं मी शिकवतोच," यादोराव म्हणाले होते. "तुम्ही स्वतः वर जाऊन आलेले. तुमचं ऐकलं की पोरं जन्मभर विसरणार नाहीत."

रोज दुपारी जेवणं झाली की केवळराम आणि देवकाबाई ओसरीवर बसत. कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या उतरत आणि विमानाच्या काड्यांत मिसळून जात. कुठली लाकडाची आणि कुठली उन्हाची, ते क्षणभर कळत नसे. बायकोनं काही विचारलं नाही तरी केवळराम बोलत राही. आवाज हळू, जणू कोणी झोपलेलं आहे.

"धानाच्या बांध्या कशा दिसत होत्या, माहीत आहे? पत्रावळीची पानं काडीनं टाचून ठेवावी ना, तशा. अन् रेल्वेची लाईन म्हणजे भांग. सरळ, मधोमध काढलेला."

"अन् वाघ नदी?"

"वाघ नदी वाळत घातलेल्या लुगड्यावानी. एक पदर सुटून लोळून राहिला होता."

देवकाबाई मान हलवायची आणि पुढची फासळी उचलायची. तिचं माहेर बिरसीपासून कोसभर. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला ही गोष्ट सांगितली होती. तेव्हाही तिनं अशीच मान हलवली होती.

बुधवारी सांगाडा उभा राहिला. गुरुवारी पंखांवर कागद चढला. तो सुरकुतलेला, ढिला कागद पाहून केवळरामचा चेहरा उतरला. पण देवकाबाईनं तोंडात पाणी घेऊन त्यावर बारीक फवारा मारला. कागद वाळत गेला तसा ताणत गेला. सुरकुत्या एकेक करून विरल्या आणि पंख डफासारखा टणक झाला. दारातून वारा आला तशी विमानानं पाटावर जराशी कड बदलली. दोघंही हात मागे घेऊन बघत राहिली.

"उडते का काय," ती म्हणाली.

केवळरामनं डोळ्याला लावलेलं घड्याळजीचं भिंग काढून खाली ठेवलं.

"मी शनिवारी नाही जात."

"काऊन?"

"पोराइसमोर नाही होणार माझ्याच्यानं. मोठ्या माणसाइले सांगणं वेगळं." त्याची नजर विमानावरच होती. "मी वर गेलोच नाही कधी."

देवकाबाईनं हातातला कागद नीट घडी केला.

"साहेबानं बोलावलं होतं, हे खरं आहे," तो म्हणाला. "पंखा फिरू लागला अन् माझे पायच उचलेनात. पोट दुखते म्हणून सांगितलं अन् पेट्रोलच्या पिंपामागं जाऊन बसलो. साहेब हसला. तिथं धावपट्टीवर बाया गिट्टी टाकत होत्या. त्यातल्या एकीले त्यानं खुणेनं विचारलं. ती बाई डोक्यावरचं टोपलं ठेवून सरळ जाऊन बसली. मले तिची पाठ तेवढी दिसली."

"मग?"

"मग काय. खाली उतरल्यावर तिनं बाकीच्या बायाइले सांगितलं. पाणी भरणाऱ्या सुशिलाबाईनं ते ऐकलं अन् मले सांगितलं. पत्रावळ, भांग, लुगडं, सारं त्या बाईचं आहे. मी गोंदियाले आलो अन् माझं म्हणून सांगत सुटलो."

अंगणातला कावळा उडून गेला. देवकाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगन? ती बाई मीच."

केवळराम तिच्याकडे बघतच राहिला. नऊ वर्षं तो जिची गोष्ट सांगत होता, तिलाच सांगत होता. त्याला आधी कानकोंडं झालं. मग छातीवरचं ओझं कोणी उचलून नेल्यासारखं वाटलं.

"बोलली काऊन नाही इतके दिवस?"

"तुमच्या तोंडून बरं वाटे आयकाले."

"मग आता तूच चाल शाळेत," तो घाईनं म्हणाला. "मी विमान धरून उभा राहतो. तू सांग पोराइले. निदान एकानं तरी पाहिलेलं आहे."

देवकाबाईनं विमान अलगद उचललं, उन्हात धरलं आणि त्याच्या पोटाखालून बघत म्हणाली,

"मी कुठं पाहिलं? चाकं उचलली तेव्हा डोळे मिटले, ते खाली टेकल्यावरच उघडले."