बरडीवरचा शेंदूर

खदानीचा ट्रॅक्टर सकाळी येणार होता, म्हणून उमराव उजाडायच्या आधीच गावामागच्या टेकाडावर, बरडीवर चढला.

वर मोठाल्या गोट्यांची सात वर्तुळं होती. लोखंड नवं होतं त्या काळच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती मांडलेली. नागपूरचे पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहून जाईपर्यंत ती टिकली, तर सरकार कुंपण घालणार होतं. खदानवाल्या चुन्नीलालला तिथं फक्त गिट्टी दिसत होती. गावाला तेवढंही नाही. गावाचा अभिमान सगळा तळ्याच्या पाळीचा. वाडवडलांनी घरटी एक गोटा टाकून बांधलेली पाळ. उमरावला तर त्याची बायको सुमित्राबाईच ‘गोट्यांचा वकील’ म्हणायची.

त्यानं मधल्या वर्तुळातल्या उभ्या गोट्याला शेंदूर फासला. नारळ फोडला. कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

मजूर आले, शेंदूर पाहिला अन् पहारी खाली ठेवून बसले. मग चुन्नीलाल आला. त्यानं चपला काढल्या.

“कोणता देव हाये, उमरावभाऊ?”

“बरडदेव.”

“कभी बताया नहीं.”

“कोणी विचारलं?”

चुन्नीलालनं हात जोडले. “देवाची जागा हाये. इथून एक गोटा खाली नाही जाणार. जबान देतो.”

घरी सुमित्राबाईनं बरडीच्या दिशेनं हात जोडले. “अवो, मी उगाच हासून राहिली होती तुमाले. पण देव असा उन्हात काऊन?”

“देवाले ऊन नाही लागत,” उमराव म्हणाला अन् पिशवी भरू लागला. साहेबांना सोबत घेऊनच परतायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

नागपुरात साहेबांना कधी वरची सही मिळेना, कधी गाडी. महिना गेला. फोनवर सुमित्राबाई एवढंच म्हणायची, “इकडली चिंता नोका करू. एक गोटा खाली नाही गेला. या, मंग पाहा.”

शेवटी तो साहेबांच्या गाडीतून उतरला, तेव्हा बरडीवर भोंगा वाजत होता. सुमित्राबाई नवं लुगडं नेसून वाटेतच उभी होती.

“चुन्नीलालनं सिमेंट देलं,” ती म्हणाली. “देवळाच्या पायव्याले पाळीसारखंच केलं, घरटी एक गोटा. दूर कायले जा लागते, गोट्यांचे गोल तं तिथंच होते. आपल्या घरचा म्या निवडून टाकला. साऱ्यात मोठा.”