सत्तावीस नंबरची लाइन

"दादा, सत्तावीस आजही लागला नाही."

राजानंदनं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "किती सेकंद?"

"पन्नास. रोजच्यासारखे. पलीकडे कुणीतरी फोन उचलतं, आपला मोडेम शिट्ट्या मारत बसतो, तिकडच्या मोडेमचं उत्तर काही येत नाही. मग लाइन सुटते."

"बघतो मी."

हे 'बघतो मी' धम्मदीपा आठ महिने ऐकत होती.

जर्मनीत, एश्बॉर्नमधल्या त्यांच्या कंपनीचा धंदा मतदान यंत्रांचा. सरकारी निवडणुकीत जर्मन माणूस अजून कागदावरच फुली मारतो. पण हाउसिंग सोसायट्या आणि मोठे क्लब यांच्या निवडणुकांना ही यंत्रं भाड्यानं जात. मतदान संपलं की प्रत्येक केंद्रातलं यंत्र मोडेमवरून, साध्या टेलिफोनच्या तारेतून निकाल पाठवी. मोडेम म्हणजे जुनं खोड. तारेत जरा खरखर झाली की रुसून बसे. त्याची समजूत काढणारा अख्ख्या ऑफिसात एकच माणूस होता, राजानंद. नुसती शिट्टी ऐकून तो बिघाड सांगे. सव्वीस केंद्रं त्यानं अशी वठणीवर आणली होती. सत्ताविसावं मात्र त्याला जुमानत नव्हतं.

यादीत सत्ताविसापुढे गावाचं नावही नव्हतं, नुसता लांबलचक नंबर. बाकीच्या केंद्रांना टेस्टचा कॉल केव्हाही जाई. या एका नंबराची वेळ राजानंदनं स्वतः बांधून दिली होती. हिवाळ्यात दुपारी तीन, मार्चमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे गेली की चार. त्या वेळी तो कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसे. आजाऱ्याची नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. कुणी काही विचारलं तर हातानंच थांब म्हणे.

आता वेळ थोडा उरला होता. रविवारची निवडणूक मोडेमवरची शेवटची. सोमवारी सगळे मोडेम भंगारात आणि यंत्रांत सिमकार्डं. साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेनर, यांनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत सत्तावीस लावा, नाहीतर यादीतून काढा."

"मी साध्या फोनवरून करून बघू का?" धम्मदीपानं विचारलं. "केअरटेकरची म्हातारी बायको उचलत असेल. सांगते तिला, आजी, चार वाजता फोनला हात लावू नका."

"नको!" राजानंद एवढ्या जोरात म्हणाला की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मग त्यानं आवाज खाली आणला. "उचलू दे तिला."

"मग एकदा जाऊन तरी या तिथे. एकदाही गेला नाहीत तुम्ही."

"जायला हवं होतं," तो म्हणाला, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

ताकास तूर लागू देईल तर शपथ.

शुक्रवारी दोघं कँटीनमध्ये डबे उघडून बसले. धम्मदीपा नागपूरची, तो अमरावतीचा. डब्यातला ठेचा सारखाच. ती दसऱ्याला घरी, दीक्षाभूमीला जाणार होती. तिकीट काढून झालं होतं.

"तुम्ही नाही येत?"

"कुणाकडे येऊ?" राजानंद म्हणाला. "चार वर्षांपूर्वी बाबा गेले, तो निकालाचा दिवस होता. सतरा मोडेम बंद पडलेले. म्हटलं, एवढं निस्तरतो नि निघतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. आई दारातच म्हणाली, 'आता त्या मशीनशीच बोल. मला फोन करू नको.'"

"आणि तुम्ही केला नाहीत?"

"एकदा केला. माझा आवाज ऐकला नि ठेवून दिला तिनं."

"चार वर्षं आईशी बोलणं नाही?"

"मी तर नाही बोललो." त्यानं तिच्या डब्याकडे बोट दाखवलं. "खा. गार होतंय."

धम्मदीपानं डबा झाकून ठेवला. तिची स्वतःची आई दिवसातून तीनदा फोन करायची आणि ती कटकट म्हणून कापायची. या माणसासाठी आपण काहीतरी करावं, असं तिला फार वाटलं. आईचं ती काय करणार? पण ते सत्तावीसचं ओझं तरी जाताजाता त्याच्या डोक्यावरून उतरवता आलं असतं.

पावणेचारला हेर ब्रेनरनी राजानंदला मीटिंगला बोलावलं. तो उठला, घड्याळाकडे बघितलं, दारापर्यंत जाऊन परत आला.

"दीपा, चारला सत्तावीस वाजेल. वाजू दे. मध्ये तोडू नकोस."

"गेनाऊ, अगदी तसंच, दादा. तुम्ही जा."

तो गेल्यावर तिनं वही-पेन घेतलं आणि त्याच्या खुर्चीत बसली. पलीकडे खरंच माणूस आहे की आन्सरिंग मशीन, एवढं कळलं तरी बिघाड अर्धा सापडला असता. तिनं हेडफोनची पिन उपसली आणि स्पीकरचा आवाज वाढवला.

चार वाजले. मोडेमनं नंबर फिरवला. बराच वेळ काही नाही, मग घंटी. दुसऱ्याच घंटीला कुणीतरी फोन उचलला. मोडेमनं शिट्टी मारली, थांबला, पुन्हा मारली.

"आला का रे, राजू," पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज मराठीत म्हणाला. "बोलू नको. तू बोललास की मले तो दिवस आठवते. नुसता वाज. आज अंबाडीची भाजी केली होती नं भाकर. गुडघा बरा आहे. एवढ्याशा वेळात काय काय सांगू तुले? उद्या-परवा सुट्टी तुझी. ऱ्हायलेलं सोमवारी सांगीन."