मोडका पंख

वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीतून चिखल्या पक्ष्याची इवलीशी मादी बाहेर पडली आणि एक पंख फरफटत, केविलवाणी ओरडत किनाऱ्यावर फिरणाऱ्या त्या तिघांपुढे पळू लागली. लेक तिला उचलायला धावली, तसा बायकोच्या पुढे चालणारा तो हसला.

“अगं, पंखबिंख काही मोडलेला नाही. नाटकं आहेत सगळी! पिल्लं तिथेच वेलीत दडलीत. आपलं लक्ष त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून आपल्याला मागे मागे लांब नेतेय.” आज सुट्टी होती, स्वारी खुशीत होती, आणि पक्ष्यांचा विषय निघाला की एरवीही त्याची कळी खुलायची.

खरंच, थोडं पुढे गेल्यावर पक्षीण भुर्रकन उडाली. लेकीनं टाळ्या पिटल्या.

“आईसारखीच हुशार आहे ती!”

“आई कशाला करेल असली नाटकं?”

“करते की. बाबा, तुम्ही चिडून घरी येता आणि माझ्यावर ओरडायला लागता ना, तेव्हा आई स्वयंपाकघरात मुद्दाम भांडं पाडते. मग तुम्ही मला सोडून तिच्याकडे जाता.”

त्याला ते चांगलंच झोंबलं. “हे कुणी शिकवलं तुला?” म्हणताना त्याच्याही नकळत आवाज चढला.

मागे बायकोच्या हातातली पाण्याची बाटली धपकन वाळूत पडली.

“बाई गं, माझंच लक्ष कुठे असतं कोण जाणे!” ती घाईघाईनं म्हणाली.

वळून तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.