उसनं ब्लँकेट

"माझं ब्लँकेट परत द्या," घड्याळजीची बायको दारातूनच म्हणाली.

शिंपीमास्तरांनी मशिनचं चाक हाताने थोपवलं. लोकरीचं कापड कधीच संपलं होतं. आता घराघरांतून पांघरुणं उसनी आणायची आणि त्यांचे सैनिकांसाठी ओव्हरकोट शिवायचे, असा हुकूम होता. बाहेर आघाडीवर निघालेल्या सैनिकांचा ट्रक उभा होता. हवालदार तयार कोट मोजून आत फेकत होता.

"वहिनी, लढाई संपली की परत मिळणार. तसंच ठरलंय ना?"

"हे पहाटे गेले, मास्तर." तिचा आवाज ठणठणीत कोरडा होता. "घरात पांघरूण म्हणून चिंधी उरलेली नाही. त्यांना असंच उघडं नेऊ?"

पंधरवड्यापूर्वी घड्याळजी स्वतःच ते ब्लँकेट काखोटीला मारून आला होता. खोकत खोकत म्हणाला होता, "लष्करात मी नाही, निदान माझी ऊब तरी जाऊ दे."

मास्तर उठले. उरलेल्या कोटांचा ढीग त्यांनी उपसला. तपकिरी कापड, हिरवा पट्टा. पाठ तिच्या ब्लँकेटची, बाह्या कुणाच्यातरी पडद्याच्या. तिने पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"न्या," मास्तर म्हणाले. आणि लगेच सवयीने तोंडातून निघून गेलं, "बटणं तेवढी सरकारी आहेत."

बोलले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उभ्या उभ्या तिने एकेक दोरा दातांनी तोडला, सहाही बटणं त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि कोट दोन्ही हातांवर आडवा घेऊन ती पायऱ्या उतरली.

"एकोणतीसच भरले," हवालदार ओरडला. "तिसावा कुठाय, मास्तर?"

"तो इथेच लागला."

हवालदाराने रस्त्याने जाणाऱ्या तिच्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने ट्रकची मागची फळी लावली.

आत सैनिक अंगात कोट चढवत होते. फळीजवळच्या एकाच्या अंगावर नुसता सदरा होता. आपला कोट मागून येतोय अशा समजुतीने त्याने दोन्ही हात पुढे धरले होते. ट्रक सुरू झाला, कोपऱ्यावर वळला. तोवर ते हात तसेच होते.